एका पाण्यात दोन धातू

माणूस गेल्यावर निदान त्याच्या जलदानविधीला तरी त्याच्यावर हसू नये, एवढी रीत लोकांनी पाळली असेल असं मला वाटत होतं. परवा नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ, गेलेल्या एका सहकाऱ्याच्या घरापुढच्या मांडवात मी तिसऱ्या रांगेत बसले होते. भन्तेजी यायचे होते, तोवर श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. आमच्या जुन्या तंत्रनिकेतनातले संगणक विभागप्रमुख, आता निवृत्त आणि अंगाने भरलेले, माइकपाशी गेले. दोन वाक्यं दुःखाची बोलून झाल्यावर त्यांनी आवाज जरा सैल केला आणि म्हणाले, "आमच्या मिस्तरींनी एकदा कॉम्प्युटरला पाणी पाजलं होतं."

मांडवात हसू पसरलं. पुढे बसलेल्या त्यांच्या मुलीने मान खाली घातली आणि चटईची काडी नखाने सोलायला लागली.

हे हसणं मी पंचवीसहून जास्त वर्षं ऐकते आहे. लग्नात, एसटी स्टँडवर, निवृत्तीच्या समारंभात. दर वेळी गोष्ट थोडी फुगते. एकाच्या गोष्टीत त्यांनी बादली ओतली, दुसऱ्याच्या गोष्टीत नळाचा पाइप थेट डब्यात सोडला. त्यातली एकही खरी नाही. खरं काय घडलं ते माहीत असणारी माणसं चार होती. त्यांतले प्राचार्य आधीच गेले, हे आता गेले. उरलो विभागप्रमुख आणि मी.

आता गेले ते कार्यशाळेचे निदेशक होते. कागदावर हुद्दा तेवढाच, तोही हंगामी. दर वर्षी मेच्या मध्यावर त्यांची नेमणूक संपायची आणि जुलैत नवं पत्र निघायचं. मधल्या काळात ते संस्थेचे कोणी नसत. अकरा वर्षं हे असंच चाललं. पदवी घेतलेले लोक त्यांना मिस्तरी म्हणत. मी ग्रंथपाल म्हणून नवी लागले तेव्हा त्यांना सर म्हटलं, तर त्यांनी बोट छताकडे केलं.

"सर वरच्या मजल्यावर असत्यात, ताई. खाली आमी."

वरच्या मजल्यावर प्राध्यापकांचा पाण्याचा माठ होता. कार्यशाळेच्या लोकांनी खालच्याच माठातलं प्यावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तसं लिहायची कोणाला गरजच पडली नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. संस्थेच्या शेवटच्या पत्रात ते आहे, एका फार वाईट वाक्यात. माझ्या लिहिण्यात ते पुन्हा त्याच गोष्टीशेजारी यावं असं मला वाटत नाही.

ग्रंथालय कार्यशाळेला लागून होतं, मध्ये एक विटांची भिंत. लेथ सुरू झाला की माझ्या टेबलावरची टाचण्यांची डबी थरथरायची. दुपारच्या सुट्टीत ते दारात येऊन उभे राहायचे आणि आत येण्याआधी दोन्ही तळवे मला दाखवायचे, वर्गात शिरताना लहान मुलं नखं दाखवतात तसे. आधी रॉकेलने, मग साबणाने धुतलेले असत. मी मान हलवली की आत. एकदा हसून म्हटलं की अहो, रोज काय दाखवता. त्यावर म्हणाले की पुस्तकावर डाग पडला तर पुढचा म्हणंल मिस्तरीनं वाचलंय. वरच्या मजल्यावरून येणारी पुस्तकं भज्यांच्या तेलाचे डाग घेऊन परत यायची, आणि त्याबद्दल आजवर कोणी काही म्हटलेलं नाही.

इंग्रजी त्यांना अक्षर अक्षर जुळवून येत होतं, तरी धातुशास्त्रावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ते पुन्हा पुन्हा घरी न्यायचे. त्या पुस्तकाच्या कार्डावर ओळीने त्यांच्याच सह्या होत्या. दुसऱ्या कोणाचीही नव्हती.

कुठलीही वस्तू ते हाताच्या पाठीने जोखत. चहाचा पेला, मोटार, बंद कपाट, तापाने फणफणलेला विद्यार्थी, सगळ्यांना बोटांची मागची बाजू लावून बघायची. तळवा घट्टे पडून बधिर झालेला असतो, पाठ अजून शाबूत असते, असं त्यांचं म्हणणं. आणि कोणी काही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती?" लई गरम झालंय. किती? उशीर झाला. किती? प्राचार्य रागावलेत. किती? हे ते प्राचार्यांच्या शिपायाला अगदी गंभीरपणे विचारायचे आणि तो बिचारा खरंच विचारात पडायचा. कार्यशाळेच्या भिंतीवर त्यांनी खडूने लिहून ठेवलं होतं, 'घाई असेल तर उद्या या.' एका विश्वस्तांनी ते पुसायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिथेच लिहिलेलं होतं, 'पुसायची घाई झाली.'

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी संस्थेत एक भारी कॉम्प्युटर आला. बाकीच्या जुन्या मशीनवर विद्यार्थी नुसतं टायपिंग करायचे. हा यंत्रांची चित्रं पडद्यावर फिरवून दाखवायचा, आणि त्यासाठी त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आपल्या प्रकल्पाची चित्रं यावरच करायची होती. विभागप्रमुखांनी त्याची पूजा केली, फुलं वाहिली, आणि तो पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ठेवला. कारण संस्थेत एसी एकच होता आणि तो प्राचार्यांच्या डोक्यावर होता.

होळी झाल्यावर खेळ सुरू झाला. सकाळी नऊला लावलेला कॉम्प्युटर अकरा वाजले की बिघडायचा. पडद्यावर रंगीत रेघा यायच्या, मग चित्र जागच्या जागी थिजायचं, आणि मुलांचं तासाभराचं काम जायचं. नगरहून विकणाऱ्याचा माणूस आला. त्याने डबा उघडला, कार्डावरच्या चिपचा इवलासा पंखा धुळीने जाम होऊन बसला होता तो बदलला, आणि तरीही रेघा आल्या तेव्हा खोलीला एसी लावा म्हणाला. विभागप्रमुखांनी ते प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्य म्हणाले पुढच्या वर्षी बघू.

हे कळल्यावर निदेशक स्वतःहून त्या खोलीत गेले. कॉम्प्युटर बंद करायला लावला, हात आत घातला आणि बोटांची पाठ एकेका भागाला टेकवत गेले. कार्डावरच्या चिपपाशी आले आणि हात झटकन मागे घेतला.

"ताप एकाला आलाय," ते विभागप्रमुखांना म्हणाले, "आन् तुमी गारवा सगळ्या घराला करायला निघाले."

आमच्याकडे येण्याआधी ते कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात फिटर होते. उसाच्या चरकाचा रूळ ज्या पितळी बेअरिंगवर फिरतो, त्याच्या पोटातून पाणी खेळवतात, नाही खेळवलं तर तासाभरात ते भाजून निघतं, हे त्यांनी मला माझ्या टेबलावरची पेन्सिल रजिस्टरवर फिरवून समजावलं. चिपच्या डोक्यावर असाच एक पोकळ ठोकळा बसवायचा, आतून पाणी फिरवायचं, पाणी ताप घेऊन जाईल. कारखान्यात चालतं ते इथे का चालू नये?

मला त्याच वेळी आठवलं की मुंबईहून येणाऱ्या एका इंग्रजी संगणक मासिकात अर्ध्या पानाचा मजकूर होता. परदेशातले काही हौशी लोक घरीच असे ठोकळे करतात, कोणी तांब्याचे, कोणी पितळेचे, कोणी ॲल्युमिनियमचे. मी अंक शोधला आणि वाक्य वाक्य मराठीत करून त्यांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी.

"कोनता चांगला, ते न्हाई लिवलं?"

"लिहिलंय. पण प्रत्येकाचं मत वेगळं."

"मग मत नगं," ते उठत म्हणाले. "मोजू."

पुढचे आठ दिवस भिंतीपलीकडून कानस घासल्याचा आवाज येत राहिला. त्यांनी तीन ठोकळे केले, काडेपेटीहून थोडे मोठे, तिन्ही एकाच मापाचे. प्रत्येकाच्या पोटात सारखाच नागमोडी चर, वरून झाकण, दोन तोट्या. तळ इतका सपाट हवा की चिपवर बसला तर मध्ये केसाएवढी फट राहू नये. त्यासाठी ते सपाट लादीवर निळा रंग पातळ पसरून त्यावर ठोकळा टेकवायचे आणि जिथे निळा डाग लागेल तेवढाच उंचवटा खरवडून काढायचे. पुन्हा टेकवायचे, पुन्हा खरवडायचे. एका ठोकळ्याला हे किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. त्यांनी मोजलं होतं.

मग माझ्या घरची इस्त्री मागितली. ती त्यांनी टेबलाच्या पकडीत, म्हणजे व्हाइसमध्ये, उलटी धरली, तळ वर करून. थेट विजेवर लावली असती तर फार तापली असती, म्हणून मध्ये एक मोठा बल्ब जोडला. "आता हिला नुसती कणकण येनार," म्हणाले. इस्त्रीच्या तळावर एकेक ठोकळा ठेवायचा, उंचावरच्या माठातून दवाखान्यातल्या सलाइनच्या नळीने पाणी सोडायचं, आणि ठोकळ्याच्या कडेने मेणबत्तीचे थेंब टाकून ठेवायचे. ज्याचं मेण वितळणार नाही तो ठोकळा खरा. घड्याळ माझ्याकडे दिलं होतं. विभागप्रमुखही आले, खिशात हात घालून उभे राहिले. ते तिथे होते हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पितळेच्या कडेचं मेण आधी चकाकलं, मग पसरलं. ॲल्युमिनियमच्या कडेचं नुसतं ओलसर झालं. तांब्याच्या कडेचे थेंब टाकले तसे पांढरे राहिले. तिन्हींची फेरी त्यांनी तीन वेळा केली, दर वेळी निकाल तोच.

विभागप्रमुखांनी ॲल्युमिनियमचा ठोकळा उचलून हातात झेलला. वजनाने हलका, घासल्यामुळे आरशासारखा. फरक तर थोडासाच आहे, हाच लावू, दिसायलाही बरा, असं त्यांनी सुचवलं.

"हा न्हाई चालायचा, साहेब." त्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "आपन बसवनार ती नळी सगळी तांब्याची हाय. एका पान्यात तांबं आन् ॲल्युमिनियम नांदत न्हाई. तांबं ऱ्हातं, दुसरं खाल्लं जातं. कारखान्यात बघितलंय मी, पितळी नळीच्या शेजारचं लोखंड कसं पोखरतंय ते." मग माझ्याकडे वळून, ओठांच्या कोपऱ्यात हसू धरून म्हणाले, "धातूंचं सांगतोय हां ताई. मान्सं नांदू शकत्यात. त्यांनी मनावर घ्यायला पायजे."

मला हसू आलं. विभागप्रमुखांना आलं नाही.

तांब्याचा ठोकळा लागला. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात ती पांढरी पेस्ट पातळ लावली. जुन्या फ्रिजची तांब्याची नळी गुंडाळून एका मोठ्या माठात बुडवली, प्लास्टिकच्या बरणीत कूलरचा छोटा पंप सोडला. ठोकळ्यात आणि नळीत फिरणारं पाणी वेगळं, ते बाहेरच्या पाण्याला कधी भेटायचं नाही. त्यासाठी त्यांनी गॅरेजमधून बॅटरीचं पाणी, म्हणजे बॅटरीत घालतात ते क्षार नसलेलं शुद्ध पाणी आणलं. आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीत पांढरा थर धरायचा. ते पाणी त्यांनी फक्त माठात घातलं. माळावरच्या कोरड्या वाऱ्याने माठ गार, माठाने नळी गार, नळीने कार्ड गार.

त्या वर्षी आसपासच्या गावांना टँकर चालू होते. इथे प्यायला मिळेना आणि मिस्तरी कॉम्प्युटरला पाजतायत, ही कोटी तेव्हाच वरच्या मजल्यावर जन्मली. माठात रोज जेमतेम दोन तांबे पाणी कमी व्हायचं. तेवढं ते सायकलच्या हँडलला कॅन लावून घरून आणायचे, कारण कोणी तरी विचारेल किती, आणि उत्तर आपल्याकडे असावं.

एप्रिल गेला, मेचा पहिला पंधरवडा गेला. पत्र्याखाली माणसांना बसवत नव्हतं, पण पडद्यावर एकही रेघ आली नाही. सगळ्या मुलांची चित्रं पूर्ण झाली. ते रोज दुपारी जाऊन ठोकळ्याला हाताची पाठ लावून यायचे, आजाऱ्याला बघून यावं तसे. मेच्या मध्यावर नेहमीप्रमाणे त्यांची नेमणूक संपली आणि ते घरी बसले. जाताना खोलीच्या दाराला कागद चिकटवून गेले: 'माठात पाणी घालणे. बाकी कशाला हात लावू नये.'

जूनमध्ये संस्थेची मान्यता तपासायला समिती येणार होती. विभागप्रमुखांना अचानक लाज वाटायला लागली. तांब्याचा ठोकळा हवेने काळवंडला होता. पाहुण्यांना काय दाखवायचं, असं ते प्राचार्यांपुढे म्हणाल्याचं मी ऐकलं. मग कार्यशाळेच्या फळीवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, जो निदेशकांनी मोजून नाकारला होता, तो काढून आणला, पॉलिश केला आणि कार्डावर चढवला. बदलताना बॅटरीचं पाणी सांडलं, तेव्हा बरणी बोअरच्या नळाखाली धरली. काळवंडलेला तांब्याचा ठोकळा भंगाराच्या पेटीत गेला.

समितीने वाकून बघितलं, वाहवा केली. ही कल्पना आमच्या विभागाची, असं विभागप्रमुखांनी सांगितलं. मी चहाच्या टेबलाजवळ उभी होते. वाहवा मिळेपर्यंत ती विभागाची होती. मिस्तरींची झाली ती नंतर.

जुलैच्या सुरुवातीला ते नव्या नेमणुकीचं पत्र आलं का बघायला आले. पत्र आलेलं नव्हतं. खिडकीतून त्यांनी तो चकचकीत ठोकळा पाहिला आणि सरळ माझ्याकडे आले. त्या दिवशी तळवे दाखवायला विसरले.

"किती दिस झाले बसवून?"

महिना होत आला असेल, मी म्हटलं. कोणतं पाणी? मी सांगितलं. ते खुर्चीवर बसले. मग अर्ज लिहा म्हणाले, माझं अक्षर कोनी वाचायचं न्हाई. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. चार ओळी होत्या. कॉम्प्युटरवर बसवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा ताबडतोब काढावा. तांब्याची नळी आणि बोअरचं खारं पाणी यांमुळे तो आतून पोखरला जाईल आणि पाणी कार्डावर गळेल. तोवर कॉम्प्युटर बंद ठेवावा. तांब्याचा ठोकळा मी विनामोबदला परत बसवून देईन. खाली त्यांची सही. अर्ज त्यांनी विभागप्रमुखांच्या हातात दिला आणि कार्बन प्रतीवर 'मिळाला' असं लिहून आद्याक्षरं घेतली. ती प्रत माझ्याकडे आणून दिली. "तुमाला कागद सांभाळायची सवय हाय," एवढंच म्हणाले.

नऊ दिवसांनी ठोकळ्याला भोक पडलं, पिनेच्या टोकाएवढं. पाणी कार्डावरून खालच्या बोर्डावर उतरलं आणि सगळा कॉम्प्युटर जळाला. उघडला तेव्हा ठोकळ्याच्या चरात पांढरी भुकटी साचलेली मी स्वतः पाहिली.

चौकशी बसली. प्राचार्य, एक विश्वस्त आणि स्वतः विभागप्रमुख. आरोप असा की हंगामी कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय प्रयोग करून संस्थेची मालमत्ता नष्ट केली. ठोकळे तिन्ही मिस्तरींनीच केले ना? मग झालं.

चौकशीच्या तीन दिवस आधी प्राचार्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं. माझं कायम होण्याचं पत्र तयार आहे, सहीला त्यांच्याच टेबलावर आहे, असं म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "या प्रकरणात ग्रंथालयाचा काही संबंध येत नाही, नाही का मॅडम?"

मी खोलीत परत आले आणि ती कार्बन प्रत टेबलाच्या खणातून काढली. फाडण्याची हिंमत नव्हती, बाहेर काढण्याचीही नव्हती. संस्थेत कोणी उघडणार नाही असं पुस्तक शोधून मी त्यात ती प्रत ठेवली, प्रस्तावनेच्या पानात. मग दोन दिवस रजेवर गेले.

चौकशीत मला बोलावलं. असा काही अर्ज दिला गेल्याचं तुमच्या माहितीत आहे का? मी म्हणाले, "मला सांगता येणार नाही." शाळेत माझं मराठी चांगलं होतं. खोटं न बोलता खोटं कसं सांगावं हे त्या दिवशी त्याच मराठीने मला शिकवलं. विभागप्रमुख समोरच्या कागदावर रेघा ओढत होते. मग निदेशकांना विचारलं की अर्ज दिला होता याचा काही पुरावा आहे का. ते भिंतीकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"न्हाई," ते म्हणाले.

त्या वर्षी त्यांचं पत्र निघालं नाही. निघालं ते दुसरंच, ज्यात त्यांचं नाव त्या वाईट वाक्यात आहे. पुढे कर्जतच्या बाजारात टपरी टाकून ते मोटारपंप दुरुस्त करायचे. शेतकरी लांबून यायचे, कारण त्यांनी बांधलेली मोटार जळत नसे. तरी बाजारातली नवी पोरं त्यांना पाणीवाला म्हणायची आणि हे नाव कुठून आलं ते ठाऊक नसतानाही हसायची. माझं पत्र आठ दिवसांत हातात पडलं. त्याच पत्रावर मी नोकरी केली. संस्था बंद पडेपर्यंत केली. वाटेत भेटले की ते सायकलवरून उतरायचे, ताई म्हणायचे, आईची तब्येत विचारायचे. गुडघे दुखतात म्हटलं की विचारायचे, किती? त्या कागदाबद्दल कधी एक शब्द नाही. विचारतील या भीतीने मी कितीदा रस्ता बदलला आहे.

तर परवा मांडवात हसू ओसरलं आणि विभागप्रमुख पुढची गंमत सांगायला लागले, तेव्हा मी उठले. पिशवीतून कागद काढला. कार्बनची अक्षरं फिकी झाली आहेत, पण माझंच अक्षर, मला वाचायला काही लागत नाही. माइक न घेता मी त्या चार ओळी वाचल्या. मग खालचा 'मिळाला' वाचला, आणि ती आद्याक्षरंही.

विभागप्रमुखांनी घसा खाकरला. मला वाटलं ते नाकारतील. त्यांनी विचारलं ते असं:

"मॅडम, इतकी वर्षं हा कागद तुमच्याकडे होता?"

ज्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा सगळ्यांत कमी अधिकार होता, त्याने तो विचारला. आणि प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, "होता." सगळ्या मांडवाच्या नजरा त्यांच्यावरून निघून माझ्यावर आल्या. ते हळूच खाली बसले. मला त्यांचा राग आला, अजून येतो. पण त्या क्षणी मांडवात उभं राहायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मुलगी उठून आली. कागद हातात घेतला, उभ्या उभ्या दोनदा वाचला. रडली नाही. बापासारखीच सावकाश बोलते ती.

"बाबांना ठाऊक होतं? हा तुमच्याकडं हाय ते?"

भन्तेजी आले होते. आतून विधीचं पाणी ओतायला जग आणि वाटी आणली जात होती. मी तिला तिथे नीट उत्तर देऊ शकले नाही, नुसती मान हलवली. पूर्ण उत्तर हे असं आहे.

कोणी उघडणार नाही म्हणून मी जे पुस्तक निवडलं होतं, ते धातुशास्त्राचं होतं. घाबरलेल्या माणसाला एवढंही सुचत नाही की जे बाकी कोणी उघडत नाही ते उघडणारा एकच माणूस असतो. ते संस्थेतून गेल्यावर महिन्याभराने मी प्रत तिथे आहे ना बघायला गेले. प्रत होती. पण प्रस्तावनेत नव्हती. धातू एकमेकांना कसे खातात त्या प्रकरणात, बरोबर त्या पानात, घडी सरळ करून ठेवलेली होती. मी पुस्तकाचं कार्ड काढलं. शेवटची सही त्यांची होती, मी रजेवर असताना शिपायाकडून पुस्तक नेल्याची, चौकशीच्या आदल्या दिवशीची. समोर पुस्तक परत आल्याची तारीख होती, चौकशीच्याच सकाळची.

त्या सकाळी मी कामावर होते. ते दारात आले असतील, तळवे दाखवले असतील, पुस्तक माझ्यासमोर ठेवलं असेल. मला आठवत नाही, कारण मी मान वर केली नव्हती. परतीचा शिक्का माझ्याच हाताने मारलेला होता.